बाकावर जागा नव्हती

१२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र कामाचं आहे, खुशालीचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. इतक्या वर्षांनी भावाचं पत्र म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं वाटून तू ओट्याला टेकली असशील, तर सरळ उभी राहा. कोणी गेलेलं नाही.

काम असं आहे. पुस्तकबांधणीचं दुकान चालू आहेच, पण अलीकडे मी आणखी एक उद्योग करतो. जुने महापौर वारले, टोळीचा थोरला त्यांच्या आधीच गेला, आणि त्या दिवसापासून शहरातल्या निवृत्त गुंडांना वाचा फुटली आहे. जो तो आत्मचरित्र लिहितो. महापौरांनी कोणाला कुठलं कंत्राट दिलं, थोरल्याने कोणाला निवडून आणलं, कोणती इमारत कोणाच्या सांगण्यावरून पडली, सगळं यांना पाठ, आणि प्रत्येक प्रसंगी हे स्वतः हजर. त्यातलं पहिलं पुस्तक बांधणीला माझ्याकडे आलं. मी बांधतो ते वाचतो. ज्याची शाळा सहावीत सुटली त्याची हीच शाळा. वाचता वाचता चुका सापडत गेल्या, त्या मी लिहून काढल्या आणि गठ्ठ्यात घालून दिल्या. पुढच्या आठवड्यात प्रकाशकबाई स्वतः दुकानात हजर. "हे तुम्ही काढलंत? एकट्याने?" मी म्हटलं, "अजून अर्धंच पुस्तक झालंय."

तेव्हापासून असली प्रत्येक वही छपाईआधी माझ्याकडे येते. मी पेन्सिलीने समासात तीनपैकी एक शब्द लिहितो. खरे, ऐकीव किंवा थाप. थाप लिहिली की मजकूर गळतो, असं आमचं ठरलेलं आहे. बाई कुरकुरतात, कारण थापाच जास्त खपतात, पण शब्द पाळतात.

आता माझ्या टेबलावर 'शिट्टी' नावाच्या माणसाची वही आहे. वय झालंय, दात निम्मे गेलेत, पण टोळीत हे नाव चालायचं. त्यातलं एक पान भाऊजींवर आहे. तसंच्या तसं उतरवतो.

"त्या संध्याकाळी बर्फखान्यावरच्या खोलीत महापौर, थोरला आणि मी असे बसलो असताना महापालिकेचे इमारत निरीक्षक आत आले. थोरल्याने पाकीट पुढे केलं. निरीक्षकांनी ते खिशात घातलं, हसले, आणि मंडई धोकादायक असल्याच्या दाखल्यावर सही केली. मी बाकावरून सगळं पाहत होतो."

पुढे भाऊजींचं पूर्ण नाव.

मी खरे लिहिलं, तर हे छापलं जाईल. भाऊजींना कोणी ओळखत नाही म्हणून तुम्ही ज्या गावी गेलात, तिथल्या वाचनालयातही पोचेल. थाप लिहिलं तर गळेल. पण केवळ आपले भाऊजी म्हणून मी थाप लिहिणार नाही, हे तुला ठाऊक आहे. चौकशीच्या वेळी मी तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून जे बोललो, "सही तुमचीच आहे ना? मग पुढे बोलायचं काय?", ते मी मागे घेत नाही. सही त्यांचीच होती. त्या सहीने जवळजवळ सगळी मंडई पडली आणि तिथे महापौरांच्या भाच्याची इमारत उभी राहिली. पण पैसे घेतले का, हा वेगळा मुद्दा आहे, आणि तो चौकशीत सिद्ध झाला नाही. नोकरी गेली ती नुसत्या कुजबुजीने.

तर मला पुढील माहिती हवी. भाऊजी तेव्हा कोणता कोट वापरत? त्याला आतला खिसा होता का? चष्मा सहीसाठी लावत की काढत? त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा जेवले का? उत्तरं क्रमाने दे आणि आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असं स्पष्ट लिही. अंदाज नकोत.

प्रकाशकबाईंना आपलं नातं मी सांगितलेलं नाही. मी सगळ्यांना एकाच मापाने मोजतो, तेव्हा सांगायची गरज वाटली नाही.

तुझा भाऊ

१ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मी चार प्रश्न विचारले होते. तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस, उलट मलाच एक विचारलास. "दुकान कसं आहे?" एवढंच. ना कोट, ना खिसा, ना चष्मा.

दुकान आहे तिथे आहे. कोटाचं काय?

तुला या कामाचं गांभीर्य कळलेलं दिसत नाही, म्हणून जरा खुलासा करतो. बर्फखान्यावरची ती खोली या शहरातल्या गुंडांचं देऊळ झाली आहे. प्रत्येक वहीत ती येतेच. भिंतीला लागून एक लाकडी बाक होता, त्यावर तीन माणसं जेमतेम मावायची, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण माझ्याकडे आजवर आलेल्या वह्यांचा हिशेब घातला, तर त्या एका संध्याकाळी त्या बाकावर अकरा जण बसले होते. आणि दाराबाहेर? दाराबाहेर कोणीच नाही! महापौर आत, थोरला आत, शहराचा सौदा चाललाय, आणि पहाऱ्याला चिटपाखरू नाही. पहारा दिला असं या बहाद्दरांपैकी एकजणही लिहीत नाही.

शिट्टीला मी दुकानात बोलावलं. माझी पद्धत तुला सांगतो. मी कधी "काय झालं" असं विचारत नाही. काय झालं ते सगळ्यांना पाठ असतं. मी विचारतो, कोण कुठे बसलं होतं.

"बाकावर तुमच्या उजव्या हाताला कोण?"

"थोरला."

"आणि डाव्या?"

"थोरलाच."

"दोन्हीकडे थोरला?"

"अहो, माणूस केवढा होता!"

मी हसलो नाही. तो हसला, मग खोकला, मग माझ्या खळीच्या डब्यात बोट घालून वास घेत म्हणाला, "बांधणीवाले, तुम्ही पुठ्ठा चिकटवा की. आतलं आमचं आम्ही बघतो."

"आतलं बघायचेच मला पैसे मिळतात."

"मग मला आत बसू द्या. काय जातंय तुमच्या बापाचं? सगळ्यांना बसवलंत ना बाकावर?"

मी म्हटलं, मी कोणाला बसवलं नाही, त्या वह्यांत मी थाप लिहिली. तर डोळे बारीक करून म्हणतो, "सगळ्यांना उठवलंत? मग बाक मोकळाच आहे!"

अशा माणसांशी गाठ आहे. वर बाईंचा रोज निरोप. हे पान पुस्तकाचा कणा आहे म्हणतात, "निदान ऐकीव लिहा हो, आणि पेन्सिल जरा फिकी चालवा." पेन्सिल फिकी! म्हणजे सगळा भार शेवटी त्या कोटावर येतो, आणि कोट तुझ्याकडे आहे.

उत्तर लवकर पाठव.

भाऊ

१४ मार्च

ताई,

दुसरं कार्ड मिळालं. "यांचे गुडघे दुखतात. दुकान चालतं का?"

गुडघ्यांचं वाईट वाटलं. बाकी काय बोलणार? मी विचारतो खिसा, तू सांगतेस गुडघे.

असो. तुझ्यावाचून काम अडलं नाही. मी शिट्टीला थेट त्या खोलीत घेऊन गेलो. बर्फखाना कधीच बंद पडलाय. खाली टायरवाला आहे आणि वर एका दंतवैद्याचा दवाखाना. जिना तोच, चिंचोळा, दिव्याशिवायचा. वळणावरची पायरी एका बाजूने पार झिजलेली, मी तिथे ठेचकाळलो आणि नडगी सोलवटली. शिट्टी मात्र म्हातारा असून कठड्याला धरून असा वर गेला, जसा स्वतःच्या घराचा जिना चढतोय.

आत गेलो. बाहेरच्या भागात पेशंट बसले होते. मी त्याला म्हटलं, "दाखवा, बाक कुठे होता?" त्याने डोळे फिरवले आणि समोरची भिंत दाखवली. मी म्हटलं, "महापौर दारातून आत आले आणि त्यांनी बाकावरच्या तुमच्याकडे पाहून मान हलवली, असं तुम्ही आधीच्या पानावर लिहिलंय. तर मी महापौर. मी दारात उभा राहतो, तुम्ही तिथे जाऊन बसा."

तो गेला, आणि थांबला. ताई, खोलीच्या अगदी मधोमध एक जाडजूड लोखंडी खांब आहे. दारातून त्या भिंतीशी बसलेला माणूस दिसतच नाही. शिट्टीने खांबावर हात ठेवला, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाला, "हा कधी घातला?"

दंतवैद्य आतून म्हणाले, "कधी घातला म्हणजे? त्याच्यावरच तर छप्पर आहे. इमारतीइतकाच जुना असेल."

शिट्टीने आ वासला. दंतवैद्यांनी त्याचं उघडं तोंड पाहून आपलेपणाने विचारलं, "दाढ का?" पेशंटांपैकी एक बाई फसकन हसली.  आणखी काही तपासायची गरजच नव्हती. माणूस त्या खोलीत जन्मात गेलेला नाही.

त्याच दुपारी मी समासात थाप लिहिलं, चांगल्या गडद पेन्सिलीने. पान गळालं. भाऊजींचं नाव छापलं जाणार नाही, आणि हे मी नात्याखातर केलं असं कोणाच्या बापाला म्हणता येणार नाही. खांबाने केलं.

मला वाटतं, आता तरी तू चार ओळी लिहायला हरकत नाही.

भाऊ

२५ मार्च

ताई,

चार ओळी मागितल्या, दोन वाक्यं आली. "तुला तपासायला कोणी सांगितलं होतं? दुकान चालतंय ना नीट?"

पुन्हा दुकान! इतक्या वर्षांत राखीपुरतंही पत्र नाही, आणि आता तिन्ही कार्डांवर दुकान. टोमणा असेल तर सरळ मार. भाऊजींची नोकरी गेली आणि माझं दुकान राहिलं, हेच ना तुला बोचतंय? मग एकदाचं ऐकून घे ते का राहिलं.

मंडईची बाकी सगळी ओळ न् ओळ पाडली, आणि मागची आमची पाच दुकानांची ओळ तेवढी सुस्थितीत असल्याचं दाखल्यात लिहिलं गेलं. भाऊजींनी नात्याची मेहेरबानी केली, असं तेव्हा काही जण कुजबुजले. मेहेरबानीचा संबंधच नव्हता. पाडकामाची कुणकुण लागताच मी सात पानी अर्ज केला होता. रोज दुकान बंद करून शिडीवर चढलो, प्रत्येक लोखंडी तुळई मोजली, मधल्या ओळींच्या तुळयाही मोजल्या. आमच्या तुळया त्यांच्यापेक्षा चांगल्या बोटभर जास्त जाड भरल्या. म्हणजे आमची ओळ नंतर बांधलेली आणि भक्कम. आकृत्या काढल्या, मापं लिहिली. असा अर्ज महापालिकेत इंजिनियरनेही दिला नसेल. तो अर्ज त्यांना नाकारता आला नाही, म्हणून ओळ राहिली. शेजारची बटणवाली रडत सामान आवरत होती, तेव्हा मी तिलाही म्हटलं होतं, "नुसतं रडून काय होतं? अर्ज करायचा असतो. नीट, मापांसकट."

तर दुकान हे असं राहिलं. माझ्या शिडीवर आणि माझ्या

शिट्टी दारात येऊन उभा आहे. रागात दिसतो. उरलेलं नंतर.

२ एप्रिल

ताई,

वरचं पत्र अर्धंच राहिलं होतं. तसंच पाठवतो. खोडावंसं वाटलं होतं, खोडलं नाही.

तो आला तो भांडायलाच आला होता. "माझं तेवढं एकच पान मोठ्या माणसाचं होतं, तेच फाडलंत!"

मी म्हटलं, "तुम्ही आत नव्हता."

"नव्हतो. झालं समाधान? बाकावर जागा नव्हती माझ्यासाठी. जिन्यात उभा असायचो, वळणावर. पोलीस दिसले की शिट्टी मारायची. पंधरा वर्षं हेच केलं. घरच्यांना काय सांगू? म्हातारा जिन्यात उभा होता म्हणून?"

मी म्हटलं, जिन्यात उभं राहण्यात कमीपणा नाही, खोटं लिहिण्यात आहे. आणि त्याला जरा बरं वाटावं म्हणून, शपथेवर सांगतो तेवढ्यासाठीच, खरेपणाचं काय फळ मिळतं ते सांगायला गेलो. माझ्या अर्जाची गोष्ट सांगितली. शिडी, मापं, सात पानं, सगळं.

त्याने मधेच छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे ही मागची ओळ? ही अर्जावर राहिली म्हणता?"

"मग कशावर?"

"थांबा, थांबा." तो स्टुलावर बसला. "त्या निरीक्षकाचा मेव्हणा म्हणजे तुम्ही? तो बांधणीवाला?"

ताई, इथून पुढचं मी त्याच्याच शब्दांत लिहितो. माझे शब्द मध्ये आले तर मी काहीतरी नीटनेटकं करून टाकीन.

"निरीक्षकसाहेब वर गेले, वेळ लागला. आतून थोरल्याचा आवाज येत होता, यांचा नाही. मग बाहेर आले आणि वळणावर, माझ्या पायाशीच, खाली बसले. बुटाची नाडी सुटली होती. बांधायला गेले तर बोटं जागेवर राहीनात. मी म्हटलं, साहेब, मी बांधतो. तर म्हणाले, वरचं भोक सोड बाबा, तिथे हाड लागतं. मग म्हणाले, सही दिली. मी नाही दिली तर उद्या दुसरा कोणी देणारच आहे, म्हणून दिली. मागची ओळ तेवढी सोडा म्हटलं. सोडतील ना रे? मी म्हटलं, थोरल्याने हो म्हटलं असेल तर सुटली समजा. तेव्हा म्हणाले, तिथे माझा मेव्हणा आहे. बांधणीचं दुकान आहे त्याचं. फार हुशार आहे, पण त्याला दुसरं काही जमायचं नाही."

मी विचारलं, "आणि पाकीट?"

"आतच राहिलं. ते गेल्यावर थोरला जिन्यात येऊन ओरडत होता. या माणसावर नजर ठेवा म्हणाला, फुकटात सही देणारा माणूस फार धोक्याचा."

मी बराच वेळ खळीचा डबा पुसत बसलो. मग विचारलं, "हे वहीत का नाही लिहिलंत?"

"काय लिहू? नाडी बांधली? आणि पुस्तकाला नाव काय देऊ, नाडीवाला?"

मी तपासायचा प्रयत्न केला, ताई. माझा धंदाच तो. कोणीतरी त्याला पढवलं असेल, असंही मनाला सांगून पाहिलं. पण वरचं भोक! तुमच्या घराच्या बोळात तू खाली वाकून भाऊजींची नाडी बांधताना मी कितीदा पाहिलंय, आणि दर वेळी ते हेच म्हणायचे. जगात ते तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि ज्याने कधी त्यांची नाडी बांधली असेल त्याला ठाऊक. असलं कोणी पढवत नाही.

तुझी तिन्ही कार्डं टेबलावर ओळीने मांडून ठेवली आहेत. तू टोमणा मारत नव्हतीस. ज्याच्यापायी सगळं गेलं ती वस्तू धड आहे ना, एवढंच विचारत होतीस. एका वाक्यात सांगून टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं? एवढा राग आलाय तुझा. आणि कोणत्या तोंडाने रागावू?

११ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. हे पत्र मात्र सोबतच्या पानासकट भाऊजींना वाचून दाखव.

मधल्या दिवसांत मी जे केलं ते असं.

पुस्तकं दाबायला वजन म्हणून मधल्या ओळीच्या पाडकामातला तुळईचा एक तुकडा मी इतकी वर्षं दुकानात वापरतो. त्याच्यावर ओतीव लोखंडाच्या कारखान्याची खूण आहे, वर्तुळात नांगर. परवा मी शिडी लावून माझ्या डोक्यावरच्या तुळईचा गिलावा खरवडला. आत वर्तुळात नांगर. जाडीही तीच. आमच्या ओळीला कधीतरी जास्तीचा गिलावा दिला होता, आणि मी गिलाव्यासकट मापं घेतली होती. सात पानं, ताई. एकेक तुळई शिडीवर चढून, गिलाव्यासकट.

म्हणजे आमची ओळ बाकीच्या मंडईइतकीच भक्कम होती, आणि बाकीची मंडई आमच्या ओळीइतकीच. धोकादायक काहीच नव्हतं. भाऊजींची सही खोटीच होती. ते मी आजही खोडणार नाही, आणि ते स्वतःही खोडणार नाहीत असं मला वाटतं. पण ती कशाच्या बदल्यात दिली त्या रकान्यात मी इतकी वर्षं पैसे धरून बसलो होतो. त्या रकान्यात मी होतो. खळीच्या डब्यासकट.

बटणवालीकडे गेलो. ती आता पुलाखाली टोपली घेऊन बसते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती बटणं निवडत म्हणाली, "मला माहीत होतं की."

"काय माहीत होतं?"

"तुमच्या भाऊजींनी तुमच्यासाठी ओळ सोडवली ते. सगळ्या मंडईला माहीत होतं. तुम्ही सोडून."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

"तुम्ही अर्जाचं इतक्या कौतुकाने सांगायचात, कोण बोलणार? आमच्यातल्या काहींचा तर तो पाठ झाला होता."

"आणि पैसे खाल्ले असं सगळे म्हणत होते ते?"

"म्हणायला काय जातंय? दुकान गेलं की माणूस म्हणतो." मग तिने वर पाहिलं. "राग आहे हो त्यांच्यावर, अजून आहे. पाच दुकानं मागितली तर सहावं माझं होतं. एक बोट पुढे सरकवलं असतं तर?" आणि काळी बटणं एका बाजूला सारत म्हणाली, "पण तुमच्यावर जास्त आहे. त्यांनी मला अर्ज कर म्हणून सांगितलं नव्हतं."

 सोमवारपासून तिची टोपली माझ्या दुकानाच्या पायरीवर आहे. हे उपकार नव्हेत, तसं तिने मला तिथल्या तिथे बजावलंय. "पायरी वाऱ्याची आहे," म्हणाली, "बघते आठवडाभर."

आता पानाविषयी. प्रकाशकबाईंना मी आपलं नातं सांगितलं आणि हे पान तपासायचा मला अधिकार नाही असंही सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. बाईंचे डोळे लकाकले. "म्हणजे लाच म्हणून तुमचं दुकान? अहो, हे तर पाकिटापेक्षा कितीतरी सरस आहे!" मी म्हटलं, सरस नाही, खरं आहे. त्यांना दोन्हींत फरक दिसेना. अखेर एवढं कबूल करून घेतलं की भाऊजींनी हो म्हटल्याशिवाय पान छापायचं नाही, आणि छापलं तर 'एक नातेवाईक' असं गुळमुळीत न लिहिता माझं नाव, दुकान आणि अर्ज सगळं घालायचं. शिट्टीही तयार झालाय. त्याची एकच अट आहे, नाडी बांधताना तो वाकला असं लिहायचं, खाली बसला असं नाही. मी म्हटलं, "वाकून बांधली की बसून?" तो म्हणाला, "बसून. पण तुम्ही लिहा वाकून." मी बसून लिहिलंय.

सोबत ते नवं पान आहे. भाऊजी नको म्हणाले तर चुलीत घाला, दुसरी प्रत नाही. शिट्टी आत होता, थाप. पाकीट खिशात घातलं, थाप. दाखला खोटा होता, खरे. मागची ओळ मागून घेतली, खरे. भाऊजींच्या त्या वाक्याचे मात्र मला दोन तुकडे करावे लागले. 'फार हुशार आहे' याच्यापुढे मी लिहिलंय, ऐकीव. 'त्याला दुसरं काही जमायचं नाही' याच्यापुढे, खरे.

आणि तू तीनदा विचारलंस, मी एकदाही धड सांगितलं नाही, तर आता सांगतो. दुकान चांगलं आहे, ताई. दाराचं बिजागर तेवढं करकरतं. उजेड अजून दुपारपर्यंत टेबलावर पडतो. तू लग्नात दिलेली कात्री चालू आहे, दोनदा धार लावून घेतली. तुळईचा गिलावा जिथे खरवडला तिथे मी पुन्हा लिंपलेलं नाही, तसंच ठेवलंय.

दुकान रविवारी बंद असतं. येत्या रविवारच्या सकाळच्या गाडीने मी येतो आहे. मी काही विचारणार नाही, कोटाचंही नाही. दार उघडलं नाहीस तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत जिन्यात बसून राहीन. गुडघे दुखत असताना भाऊजींना नाडीसाठी वाकता येत नसेल, आणि तुझीही कंबर आता पूर्वीची राहिली नसेल. ते बाहेर निघाले तर मी बसूनच बांधीन. वरचं भोक सोडून.

तुझा धाकटा